टायटॅनियम ऑक्साइड खनिजांतील लोहाचे प्रतिष्ठापन

टायटॅनियमच्या ऑक्साइड खनिजांत स्फटिकाची मूळ मांडणी न मोडता टायटॅनियमच्या जागी लोहाचे आयन (विद्युतभार असलेले अणू) बसणे. आकाराची अडचण फारशी येत नाही : सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यात टायटॅनियम (४+) आयनाची त्रिज्या ०.६०५ अँगस्ट्रॉम, लोह (३+) ची ०.६४५. खरा प्रश्न विद्युत्‌भाराचा. चार भारांच्या जागी तीन भारांचा आयन आला की तूट पडते आणि ती भरून निघावीच लागते. रूटाइल या टायटॅनियम डायऑक्साइडच्या खनिजात दोन लोह (३+) आयनांमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते, किंवा लोहाबरोबर नायोबियम (५+) अथवा टँटलम (५+) येऊन हिशेब जुळतो; थोडा हायड्रोजनही हे काम करतो. म्हणून नैसर्गिक रूटाइल तपासताना लोहाचा आकडा एकटा वाचू नये, शेजारी नायोबियमचा हवाच.

कृत्रिम टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये रंगाच्या कारखानदाराला लोह नको असते. अगदी अल्प लोहानेही शुभ्र भुकटी पिवळसर दिसते. प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ) बनवणारे मात्र ते मुद्दाम घालतात. शुद्ध ॲनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचेच दुसरे स्फटिकरूप) अतिनील प्रकाशच शोषतो, लोहामुळे दृश्य प्रकाशही कामी येतो. प्रमाण वाढले, तर सुटे झालेले इलेक्ट्रॉन लोहापाशीच अडकून वाया जातात.

सातारा जिल्ह्यात या अदलाबदलीची दुसरी बाजू दिसते. दख्खनच्या बसाल्ट थरांच्या एका उपगटाला वाईचेच नाव आहे. या खडकांतील टायटॅनोमॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह ऑक्साइडमध्ये, टायटॅनियम लोहाच्या जागी शिरतो : दोन लोह (३+) जाऊन एक टायटॅनियम (४+) आणि एक लोह (२+) येतात. कृष्णेच्या कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, की जे बारीक काळे कण त्याला चिकटतात त्यांत हे खनिज असते. इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियम ऑक्साइड साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. शुद्ध मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८० अंश सेल्सिअसला नाहीसे होते. टायटॅनियम वाढेल तसा हा आकडा घसरतो. लाव्हा थंड होताना याच कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपली, आणि महाबळेश्वरच्या घाटातील थरांत ती दिशा उलटल्याची नोंद सापडते.

पाचगणीचे टेबललँड आणि कासच्या पठारावर जांभा, म्हणजे बसाल्ट झिजून बनलेला खडक, आहे. बसाल्ट असा झिजताना इल्मेनाइटमधील लोह (२+) चे लोह (३+) होते, आणि भार जुळवण्यासाठी एक तृतीयांश लोहाला स्फटिक सोडावा लागतो. उरते ते स्यूडोरूटाइल, कमी लोहाचे लोह-टायटॅनियम ऑक्साइड. झीज पुढे चालू राहिली, की उरलेले लोहही निघते आणि टायटॅनियम ॲनाटेज वा रूटाइलच्या रूपात मागे राहतो.