स्पीकरचा आलेख आणि खोलीचा आलेख

घरी स्पीकर बनवणाऱ्याच्या हातात मायक्रोफोन आला की पहिलं मोजमाप हमखास सोफ्यावरून होतं. माझंही तसंच झालं. घोडबंदर रोडजवळचा फ्लॅट, १२ बाय १० फुटांचा हॉल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा स्पीकर), सुताराकडून कापून घेतलेली प्लायची पेटी. कुठल्या सुराला आवाज किती मोठा, हे दाखवणाऱ्या आलेखात ४७ हर्ट्झपाशी, म्हणजे अगदी खालच्या सुराला, भलामोठा डोंगर. मी पोर्टचा (पेटीला बेससाठी ठेवलेल्या भोकाचा) पाइप लांब केला, पेटीत फायबर कोंबलं. डोंगर जागचा हलेना.

हलणार कसा? तो पेटीचा नव्हताच. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत अर्धी लहर नेमकी बसते ती ४७ हर्ट्झला. तिचा दाब सर्वांत जास्त भिंतीलगत, आणि सोफा कुठे? भिंतीला टेकून.

सोफ्यावरचा आलेख आणि स्पीकरचा स्वतःचा आलेख, दोन्हींना फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच म्हणतात. माइक तोच, स्वीपही (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) तोच, म्हणून गल्लत होते. सोफ्यावर मिळतो तो स्पीकर, भिंती आणि कपाटं यांचा मिळून आलेख. स्पीकर बेडरूममध्ये नेला की तो बदलतो. स्पीकरचा स्वतःचा आलेख बदलत नाही, पण तो मिळवायला खटपट करावी लागते.

स्पीकर स्टुलावर चढवून ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जमीन आणि छताच्या मधोमध आणायचा, आमच्याकडे १.४ मीटरवर. माइक समोर १ मीटरवर. जमिनीवरून उसळून येणारा आवाज जवळपास २ मीटर जास्त चालतो, म्हणून ५.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. रूम इक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याआधीच विंडो कापली, म्हणजे पुढचा आवाज हिशेबातून वगळला, की खोली गायब! मात्र इतक्या छोट्या तुकड्यात १७५ हर्ट्झच्या खालचं काही धड कळत नाही.

बेससाठी माइक कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) तोंडाशी न्यायचा. ध्वनितज्ज्ञ डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलेली ही रीत. अंतर कोनच्या त्रिज्येच्या ०.११ पटीच्या आत, म्हणजे या वूफरला जेमतेम ७ मिलिमीटर. इतक्या जवळून खोली ऐकूच येत नाही. पण पेटीची पुढची फळीही ऐकू येत नाही. फळीपायी खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत होणारी घट हिशेबात न धरता हा बेसचा तुकडा आणि १ मीटरवरचा तुकडा जोडले, तर बेस फुगलेला दिसतो. (पोर्ट वेगळा मोजायचा, ते आणखी एक लचांड.)

क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट, ठरवायचा तो या जोडलेल्या आलेखावरून. सोफ्यावरचा आलेख सांगतो, स्पीकर भिंतीपासून किती दूर ठेवायचा आणि आपण कुठे बसायचं.

मी पाइप पुन्हा मूळ मापाला कापला आणि सोफा अडीच फूट पुढे ओढला. डोंगर तीनेक डेसिबलने उतरला. बाल्कनीचं दार मात्र आता अर्धंच उघडतं, आणि त्यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.