डासांची माणसांमधली निवड

एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपलेल्या माणसांपैकी एखाद्यालाच डास जास्त चावतात, या अनुभवामागे त्या माणसाच्या त्वचेचा वास हे मुख्य कारण आहे. मुंबईच्या चाळीत सगळे घर एका रांगेत जमिनीवर अंथरुणे टाकून झोपते. सकाळी कोणाच्या हातापायांवर किती गांधी उठल्या ते लगेच दिसते आणि ‘याचं रक्तच गोड’ असा निवाडा होतो. रक्तातल्या साखरेचा याच्याशी संबंध नाही. सोंड टोचण्याआधीच डासाने माणूस निवडलेला असतो, रक्ताची चव नंतरची.

चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. नर फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. मादीला माणसाची पहिली चाहूल लागते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू सगळेच सोडतात, पण मोठ्या शरीराची किंवा नुकतीच धावपळ केलेली माणसे तो अधिक सोडतात. जवळ आल्यावर अंगाची ऊब, घामाचा ओलावा आणि त्वचेचा वास यांवरून ती नेमकी जागा गाठते. कपड्यांचा रंगही महत्त्वाचा ठरतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यावर डेंगी पसरवणारे एडिस इजिप्ती डास लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे वळतात. हिरव्या, निळ्या, पांढऱ्याकडे फारसे पाहत नाहीत. माणसाची त्वचा, ती कोणत्याही वर्णाची असो, लाल-नारिंगी प्रकाशच जास्त परावर्तित करते.

श्वास, ऊब आणि ओलावा सगळ्यांकडे असतो. माणसामाणसांतला मोठा फरक वासात आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वोशाल यांच्या प्रयोगशाळेने ६४ जणांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला लावले आणि त्या मोज्यांच्या जोड्या एडिस इजिप्तीसमोर ठेवल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वात आवडता माणूस सर्वात नावडत्याच्या सुमारे शंभर पट आकर्षक ठरला. ज्यांच्याकडे डास जास्त गेले त्यांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक आम्ले जास्त होती. त्वचेच्या तेलकट स्रावात ही आम्ले असतात आणि तिथले जीवाणू त्यांतूनच प्रत्येकाचा वेगळा वास घडवतात. आवडते लोक पुढच्या अनेक महिन्यांतही आवडतेच राहिले. वास ओळखणारी काही जनुके निकामी केलेले डाससुद्धा आवडता माणूस ओळखू शकत होते. एखादा साबण किंवा एखादा पदार्थ बदलून हा वास पालटेल, ही आशा त्यामुळे फार धरता येत नाही.

यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. लंडनमध्ये २०१५ साली जुळ्यांच्या हातांचा वास डासांना दिला, तेव्हा एकसारख्या जुळ्यांकडे डास जवळपास सारख्याच प्रमाणात गेले. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये हे साम्य कमी होते. ‘आईवर गेलाय, तिलाही असेच चावतात’ हे घरातले बोलणे म्हणूनच बरेचसे खरे आहे. जीवाणूंचा वाटा २०११ च्या एका अभ्यासात दिसला: ज्यांच्या त्वचेवर जीवाणूंची संख्या मोठी पण प्रकार थोडे, ते ॲनोफिलिस गॅम्बियी या डासाला जास्त आवडले. ही आफ्रिकेतली जात आहे. तिला माणसाच्या पायांचा वास खेचतो आणि त्याच कारणाने लिम्बर्गर नावाचे उग्र वासाचे चीजही.

गरोदरपणात डास जास्त येतात. गॅम्बियात २००० साली झालेल्या पाहणीत गरोदर बायकांकडे इतर बायकांच्या जवळपास दुप्पट डास गेले. शेवटच्या महिन्यांत त्या २१ टक्के जास्त हवा उच्छ्वासातून सोडत होत्या आणि त्यांच्या पोटाची त्वचा ०.७ अंशाने जास्त उबदार होती. बिअर प्यायल्यावरही डास जास्त येतात, हे जपान आणि बुर्किना फासोतल्या छोट्या प्रयोगांत दिसले. ओ रक्तगटाच्या माणसांना डास जास्त चावतात ही गोष्ट मात्र सर्वतोमुखी असली तरी तिचा आधार कच्चा आहे.

एक गल्लत इथे सांगायलाच हवी. गांधी उठणे आणि चावा बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांधी ही डासाच्या लाळेवर शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. काहींच्या अंगावर रुपयाएवढी सूज येते, काहींच्या अंगावर काहीच दिसत नाही. ‘मला डास चावतच नाहीत’ म्हणणाऱ्यांतल्या काहींना ते चावत असतात.

मुंबईत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण गांधी न उठवणारा चावाही आजार देऊ शकतो आणि इथे तीन तऱ्हेचे डास एकत्र नांदतात. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स; तो गटारांत आणि नाल्यांत वाढतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो. डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी १९०८ मध्ये आणि डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापाचा दोष याच डासाला दिला. बेंटलींच्या अहवालानंतर विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम निघाली आणि धार्मिक कारणांवरून तिला विरोधही झाला. तिसरा एडिस इजिप्ती, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, डेंगीचा डास. तो पिंपात, कुंडीखालच्या बशीत, ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. डासांची पैदास होऊ दिल्याबद्दल महानगरपालिका १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली नोटीस देते, त्यामागे हाच इतिहास आहे. टाकीला झाकण नसेल, तर त्या इमारतीत कोणाचा वास कसा आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

एडिसची एक सवय इथे निर्णायक आहे. तो एकाच माणसावर पोट भरत नाही. जरा हात हलला की उडतो आणि शेजारच्यावर बसतो. आवडत्या माणसाजवळ झोपलेला नावडता माणूस त्यामुळे सुरक्षित नसतो.

आजारपणातही वास बदलतो. चिनी संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवर दाखवले, की डेंगी आणि झिका या विषाणूंची लागण झाल्यावर त्वचेवरचे ठरावीक जीवाणू वाढतात, ॲसिटोफिनोन हे गंधद्रव्य जास्त तयार होते आणि डास त्याकडे ओढले जातात. डेंगीच्या रुग्णांच्या अंगावरही हे द्रव्य जास्त आढळले. तापाच्या दिवसांत विषाणू रक्तात असतो आणि त्याच दिवसांत चावलेला डास पुढे तो इतरांना देतो. डेंगीच्या रुग्णाला भर दुपारीही मच्छरदाणीत ठेवतात ते याचसाठी. तिथे ती जाळी घरातल्या इतरांसाठी बांधलेली असते.