शेअरेंटिंग
आईवडिलांनी आपल्या मुलांचे फोटो, व्हिडिओ आणि बारीकसारीक माहिती समाजमाध्यमांवर वरचेवर टाकणे, याला शेअरेंटिंग म्हणतात. ‘शेअर’ आणि ‘पेरेंटिंग’ हे शब्द जोडून ही संज्ञा तयार झाली. हे बहुधा कौतुकापोटीच घडते. पण ज्याचे खासगीपण जाते, त्या बाळाला कोणी विचारलेले नसते.

मराठी घरांत याची सुरुवात अनेकदा बारशाच्या आमंत्रणापासूनच होते. पत्रिका स्टेटसला लागते; तिच्यावर आईवडिलांची नावे, घराचा पत्ता आणि वेळ असते. पुढे बोरन्हाण, वाढदिवसाचा केक, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला फोटो. तो मोठा करून पाहिला तर शाळा, इयत्ता, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, कधी पालकांचा मोबाइल नंबरही वाचता येतो. सुटा फोटो निरुपद्रवी वाटतो. चार-पाच वर्षांचे फोटो ओळीने लावले, की मुलाची जन्मतारीख, राहते घर, जाण्यायेण्याची वाट सगळे अनोळखी माणसाच्या हाती लागते. स्टेटस २४ तासांनी जाते, कोणी काढलेला स्क्रीनशॉट राहतो. आंघोळीचे आणि रडण्याचे व्हिडिओ तर गंमत म्हणूनही टाकू नयेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बालपणीच्या चुकांची फळे मुलांनी जन्मभर भोगू नयेत, असे न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले. शेअरेंटिंगमध्ये तर चूकही मुलाची नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. मात्र ज्याचा डेटा त्यानेच तो जगजाहीर केला असेल, तर हा कायदा लागू होत नाही. आणि मुलाच्या बाबतीत ‘ज्याचा डेटा’ या व्याख्येत आईवडीलही येतात. राखणदारानेच दार उघडे टाकावे, तशी ही स्थिती आहे.

फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्रावरील हक्क जपणे ही दोन्ही पालकांची जबाबदारी ठरवली. वय आणि समज पाहून मुलालाही त्या निर्णयात सामील करून घ्यावे, असे तो सांगतो. समज लवकर येते. चार वर्षांचे मूलही फोनसमोर हात आडवा धरून ‘नको ना’ म्हणते, आणि पुष्कळदा तोच व्हिडिओ टाकला जातो.