फिरता कॅमेरा: ऑटोवर कधी ठेवायचा, हातात कधी घ्यायचा

तुमच्या गेटवर, गोदामावर किंवा शेतावर आम्ही जो फिरता कॅमेरा बसवला आहे, त्याला पीटीझेड म्हणतात. तो आडवा फिरतो, वर-खाली वळतो आणि झूम करून लांबचं जवळ दाखवतो. ही हालचाल तुम्ही मोबाईलवरून करू शकता किंवा कॅमेरा स्वतःहून करू शकतो, पण एका वेळी दोघांपैकी एकच. ‘चोर समोरून गेला आणि कॅमेरा भिंतीकडे बघत होता’ अशी तक्रार येते तेव्हा कॅमेरा बहुधा ठीकच असतो. कुणीतरी तो हाताने फिरवलेला असतो आणि तो परत ऑटोवर आलेला नसतो.

ऑटोवर असताना

ऑटो ट्रॅकिंग चालू असलं की कॅमेरा ठरलेल्या जागी, म्हणजे ‘होम’वर, उभा राहून चित्रात काय हललं ते तपासत असतो. माणूस दिसला की त्याला चित्राच्या मध्ये ठेवत वळत जातो आणि झूम करतो. माणूस आडोशाला गेला किंवा ठरवलेली वेळ संपली की होमवर परततो. मेनूत फक्त माणूस आणि गाडी ओळखण्याची सोय असेल तर ती चालूच ठेवा. नाहीतर हलणारी फांदी, भटकं कुत्रं, रात्री इन्फ्रारेड दिव्यांजवळ घिरट्या घालणारे किडे, असल्या प्रत्येक गोष्टीमागे तो फिरत राहील आणि त्याची मोटर व गिअर विनाकारण झिजतील.

ऑटोची एक मर्यादा आम्ही विकतानाच सांगतो. एकाच्या मागे गेलेल्या कॅमेऱ्याला बाकीचं आवार दिसत नाही. एक जण पुढून चालत गेला तर दुसरा मागच्या कुंपणावरून आत येऊ शकतो. दोघं एकमेकांना ओलांडून गेले तर पहिल्याला सोडून कॅमेरा दुसऱ्याच्या मागे लागण्याचीही शक्यता असते. म्हणून फिरत्या कॅमेऱ्याच्या जोडीला गेटवर एक स्थिर कॅमेरा हवाच, असा आमचा आग्रह असतो. खर्च थोडा वाढतो, तरीही.

हातात घेताना

गेटवर वाद चालू आहे, गाडीचा नंबर वाचायचा आहे, वॉचमनला काही संशय आला आहे: अशा वेळी कॅमेरा हातात घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये ॲपमधल्या बाणाला बोट लावलं की ट्रॅकिंग तेवढ्यापुरतं थांबतं. वेगळं काही बंद करावं लागत नाही. उलट ट्रॅकिंगचं बटणच बंद केलंत तर ते पुन्हा चालू करेपर्यंत बंदच राहतं. गोंधळ होतो तो इथेच.

बोट काढल्यावर किती वेळाने कॅमेऱ्याने पुन्हा आपलं काम सुरू करायचं, हे ‘पार्क’ किंवा ‘आयडल’ नावाच्या सेटिंगमध्ये असतं. आम्ही तिथे साधारण एक मिनिट ठेवतो. दहा-पंधरा सेकंद ठेवलं तर तुम्ही नंबर वाचत असतानाच कॅमेरा निघून जाईल. फार जास्त ठेवलं तर आवार तेवढा वेळ राखणीविना राहील.

मोबाईलवर चित्र थोडं उशिरा पोचतं. बाण दाबून धरला तर कॅमेरा हव्या त्या जागेच्या पुढे निघून जातो. हलकं टिचकं मारा, थांबा, पुन्हा मारा. आधी झूम मागे घ्या, मग वळवा, शेवटी झूम करा. लेन्सने जे पाहिलं तेवढंच रेकॉर्ड होतं, हेही लक्षात असू द्या. कुलपावर झूम करून ठेवलात तर रस्त्यावरून कोण गेलं ते रेकॉर्डिंगमध्ये नंतर कुणालाही काढून देता येणार नाही.

सोसायटीत कमिटीतल्या प्रत्येकाच्या फोनवर कॅमेरा फिरवण्याचा अधिकार देऊ नका. वॉचमनची केबिन आणि आणखी एक जबाबदार व्यक्ती पुरे, बाकीच्यांना फक्त पाहता येईल असं लॉगिन आम्ही करून देतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या-बाल्कन्या आम्ही प्रायव्हसी मास्कने, म्हणजे चित्रातल्या तेवढ्या भागावर येणाऱ्या पट्टीने, झाकतो. कॅमेरा फिरला तरी तो मास्क त्या खिडकीवरच राहतो. कृपया तो काढून टाकायला सांगू नका.

लाइट गेल्यावर

वीज परत आली की कॅमेरा सुरुवातीला स्वतःभोवती फिरून तपासणी करतो, त्यात बिघाड काही नाही. त्यानंतर त्याने होमवर जावं असं आम्ही सेट केलेलं असतं. तरीही गावाकडे वारंवार लाइट जात असेल तर कॅमेरा आणि रेकॉर्डर यूपीएसवर घ्या.

महिन्यातून एकदा वॉचमनला आवारातून चालत जायला सांगा आणि कॅमेरा त्याच्या मागे वळतो का ते बघा. मग कॅमेरा हाताने दुसरीकडे फिरवून सोडून द्या आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत तो होमवर येऊन पुन्हा ट्रॅकिंग करायला लागला नाही, तर आम्हाला फोन करा. फॅक्टरी रीसेट मात्र करू नका, त्यात होम, ट्रॅकिंगची सेटिंग आणि मास्क पुसले जाऊ शकतात.