विद्यापीठ ग्रंथालयांतील सेवा व वाचक-प्रशिक्षण यांचे मूल्यमापन

विद्यापीठाच्या ग्रंथालयातील सेवा आणि तिथे मिळणारे माहिती शोधण्याचे शिक्षण वाचकाच्या कितपत कामी येते हे तपासायचे, आणि जे आढळेल त्यानुसार कामाची पद्धत बदलायची, अशी ही मूल्यमापनाची प्रक्रिया आहे. ग्रंथसंख्या, देवघेवीचे आकडे, वाचनकक्षातील आसने ही झाली मोजदाद. ग्रंथालय-सेवांच्या मोजमापाचे अभ्यासक रिचर्ड ऑर यांनी १९७३ मध्ये दोन प्रश्न वेगळे केले : ग्रंथालय किती चांगले आहे? आणि त्याने किती भले होते? पहिल्याचे उत्तर सोपे, म्हणून बरेच वार्षिक अहवाल तिथेच आटोपतात.

अर्थात मोजदादही कधी डोळे उघडते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत आली नव्हती, असे ॲलन केंट व सहकाऱ्यांना आढळले. १९७९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर त्यावर बराच वाद झाला.

वाचकाला पुस्तक मिळाले नाही, एवढ्या नोंदीने काही कळत नाही. पॉल कँटर यांच्या उपलब्धता विश्लेषणात (१९७६) गाडी कुठे अडली ते पायरीपायरीने पाहतात. पुस्तक घेतलेलेच नव्हते? दुसऱ्याच्या नावावर होते? परत आले, पण मांडणीवर लागायचे राहिले? की वाचकाने वर्गांकच, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांकच, चुकीचा उतरवला? चौघेही रिकाम्या हातांनी परततात, उपाय मात्र निराळे. पहिल्यासाठी खरेदी, दुसऱ्यासाठी जादा प्रत किंवा कमी मुदत, तिसऱ्यासाठी फक्त रोज मांडणी लावणारा माणूस. चौथ्याचा प्रश्न प्रशिक्षणाचा आहे.

वाचकांचे मत अजमावण्यासाठी ‘लिबक्वाल’ ही पाहणी अनेक देशांत वापरली गेली. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाबरोबर २००० च्या सुमारास ती सुरू केली. व्यापारी सेवांसाठीची ‘सर्व्हक्वाल’ ही पद्धत तिचा आधार. ‘लिबक्वाल’मध्ये २२ मुख्य विधाने असतात आणि प्रत्येकाला वाचक १ ते ९ मध्ये तीन गुण देतो : किमान किती चालेल, किती हवे, प्रत्यक्षात किती मिळते. समजा, शांत अभ्यासिकेसाठी किमान ६.५, अपेक्षा ८ आणि अनुभव ६.२ आला. नुसता ६.२ पाहणाऱ्याला सेवा बरी वाटेल. खरे तर ती किमान पातळीच्याही ०.३ खाली आहे. उणीव कुठे ते यातून दिसते, का ते दिसत नाही. त्यासाठी वाचकांशी बोलावे लागते, ते कुठे बसतात, कुठे अडखळतात ते पाहावे लागते.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन सर्वांत अवघड, आणि तेच सर्वांत उरकल्यासारखे होते. तासाभराच्या वर्गानंतर भरून घेतलेल्या अर्जावर ‘उपयुक्त वाटले’ अशी खूण असते. त्यातून समाधान कळते, शिकणे नाही. वर्गाआधी आणि नंतर चाचणी घेणे त्याहून बरे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधातील संदर्भसूची ठरवलेल्या निकषांवर वाचणे याहूनही बोलके असते : लेखाऐवजी फक्त त्याचा सारांश वाचल्याच्या खुणा, किंवा डेटाबेसमधून उचललेला, दुसऱ्या दिवशी न उघडणारा दुवा. असे दुवे वीस सूचींत दिसले, तर पुढच्या वर्गात इमारतीची फेरी कमी करून कायमचा दुवा कसा घ्यायचा ते शिकवावे. अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये माहिती साक्षरतेची, म्हणजे माहिती शोधण्या-पारखण्याच्या कौशल्याची, मानके केली होती. २०१६ मध्ये सहा संकल्पनांची चौकट स्वीकारून तिने ही मानके मागे घेतली. चौकट विचाराला पोषक आहे, पण मोजायला मानकांइतकी सोपी नाही.

ऑर यांचा दुसरा प्रश्न अजून अडलेलाच आहे. हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमधील आठ विद्यापीठांत पाहिले, तेव्हा पुस्तके नेण्याचे प्रमाण आणि पदवीचा निकाल यांत संबंध दिसला. पण ग्रंथालयामुळे निकाल सुधारला, की मुळात अभ्यासू मुलेच पुस्तके नेतात, हे त्यातून ठरत नाही. शिवाय असे आकडे जुळवायचे तर कोणी काय नेले याची नोंद जपावी लागते. वाचकाची गोपनीयता राखण्यासाठी अनेक ग्रंथालये पुस्तक परत येताच ती नोंद पुसतात, आणि परिणाम मोजण्याचे साधनही तिच्याबरोबर जाते.