क्रूझवरील रात्रीच्या जेवणाची वेळ : ठरलेली की सोयीची?

क्रूझ जहाजाच्या मुख्य भोजनकक्षात रात्री केव्हा, कोणत्या टेबलावर आणि कोणाच्या शेजारी जेवायचे, याच्या दोन पद्धती रूढ आहेत. ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत प्रवाशाला दोनपैकी एक पंगत नेमून दिली जाते. पहिली साधारण साडेपाच ते सहाच्या सुमारास बसते, दुसरी आठ ते साडेआठला. सफर संपेपर्यंत टेबल तेच राहते आणि वाढणारे वेटरही तेच. लवचिक पद्धतीत भोजनकक्ष संध्याकाळपासून नऊ-साडेनऊपर्यंत खुला असतो. प्रवासी आधी वेळ राखून किंवा थेट दाराशी जाऊन जेवायला बसतो. जेवण दोन्हीकडे तेच असते, भाड्यातही सहसा फरक नसतो. त्यामुळे बुकिंग करताना या रकान्यावर फारसा विचार न करता काहीतरी निवडले जाते. मुलेबाळे आणि वडीलधारी बरोबर असतील तर मात्र रोजची संध्याकाळ याच निवडीभोवती बेतावी लागते.

दोन पंगतींचे मूळ कारण जागेचे आहे. मोठ्या जहाजावरच्या सगळ्या प्रवाशांना एकाच वेळी पुरतील इतक्या खुर्च्या मुख्य भोजनकक्षात नसतात. पहिली पंगत उठली की टेबले आवरून दुसरीसाठी मांडायची, असा तो क्रम. म्हणून पहिल्या पंगतीला निवांतपणा कमी. उठा असे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण गोड पदार्थ संपता संपता वेटरची लगबग ते सांगते. दुसऱ्या पंगतीला मागून कोणी येणारे नसते, तिथे गप्पा रंगू शकतात. छोट्या, महागड्या जहाजांवर सर्वांना एकदम पुरेल इतकी जागा असल्याने तिथे पंगतींचा प्रश्नच येत नाही.

मर्जीच्या वेळी जेवणे ही एके काळी श्रीमंतांची चैन होती. हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर १९०५ मध्ये रिट्झ-कार्लटन हे वेगळे उपाहारगृह सुरू झाले. तिथे पदार्थ निवडून, त्याचे निराळे पैसे मोजून जेवता येई. १९१२ च्या ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गासाठी असे उपाहारगृह होते आणि ते सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत उघडे असे. मुख्य भोजनगृहात मात्र वेळ जहाजाची. जेवणाची वर्दी बिगूल वाजवून दिली जाई. सामान्य प्रवाशाला ही मोकळीक खऱ्या अर्थाने मिळाली ती नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणल्यावर. त्यात नेमलेले टेबल आणि नेमलेली वेळ दोन्ही गेले. पुढे रॉयल कॅरिबियनचे ‘माय टाइम डायनिंग’, कार्निव्हलचे ‘युअर टाइम डायनिंग’, पी अँड ओचे ‘फ्रीडम डायनिंग’ अशा नावांनी हाच पर्याय जुन्या पंगतींच्या जोडीला उभा राहिला.

जुनी पद्धत तरीही मेली नाही. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये ‘क्वांटम ऑफ द सीज’वर एकच मोठा भोजनकक्ष आणि पंगती बाजूला ठेवून ‘डायनॅमिक डायनिंग’ नावाची योजना आणली. वेगवेगळी उपाहारगृहे, आणि प्रत्येक रात्रीची वेळ प्रवाशाने स्वतः राखायची. सुट्टीवर आलेल्या माणसाला रोज रात्रीच्या जेवणाचे आरक्षण सांभाळणे हे कामच वाटले, आणि कंपनीला काही वर्षांतच ती योजना गुंडाळावी लागली. याउलट क्यूनार्ड या क्रूझ कंपनीच्या ‘ग्रिल’ नावाच्या महागड्या श्रेणीत टेबल सफरभर तुमचेच राहते आणि तुम्ही जेवणाच्या वेळेत केव्हाही या. दोन्ही पद्धतींतले चांगले तेवढे हवे असेल तर त्याची किंमत ही अशी.

लहान मुले असलेल्या घरासाठी घड्याळापेक्षा झोप महत्त्वाची. तीन-चार वर्षांचे मूल दुसऱ्या पंगतीला सूप येईपर्यंतच पेंगू लागते. जहाजावर जाण्याआधी पश्चिमेकडे लांबचा प्रवास करून काही कालविभाग ओलांडले असतील, तर पहिले दोन-तीन दिवस शरीराचे घड्याळ पुढे असते आणि सव्वाआठचे जेवण मुलाच्या लेखी दहा-अकराचे होते. पूर्वेकडे आलेल्यांचे उलट. त्यांना पहिल्या पंगतीला भूकच लागलेली नसते. कंपन्यांनी यावर आपापले तोडगे काढले आहेत. १९९८ मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ निघाल्यापासून डिस्ने क्रूझ लाइनवर कुटुंब रोज वेगळ्या उपाहारगृहात जेवते आणि त्यांचे वेटरही त्यांच्यामागे तिथे येतात. पंगती दोनच, साधारण पावणेसहा आणि सव्वाआठला. दुसऱ्या पंगतीच्या मुलांना आधी वाढले जाते आणि बालकक्षाची मंडळी टेबलापाशी येऊन त्यांना खेळायला घेऊन जातात. मोठ्यांचे जेवण मग सावकाश चालते. पाच वर्षांपुढच्या, अनोळखी मुलांत रमणाऱ्या मुलांना हे उत्तम. आईला न सोडणाऱ्याला अर्थातच नाही.

सोयीची वेळ ही छोट्या कुटुंबाला जितकी सोयीची, तितकी मोठ्या गोतावळ्याला नाही, हे बुकिंगच्या पानावर कुठे लिहिलेले नसते. दोघे-चौघे आले तर टेबल लवकर रिकामे होते. आजी-आजोबा, दोन भावांची बिऱ्हाडे असे दहा जण साडेसहा ते साडेसातच्या गर्दीत दाराशी पोचले, तर मोठे टेबल मोकळे व्हायला ताटकळावे लागते किंवा दोन टेबलांवर विभागून बसावे लागते. त्यात रोज संध्याकाळी ‘आज किती वाजता?’ यावर एकमत घडवण्याचे काम कोणा एकाच्या गळ्यात पडते, ते वेगळेच. ठरलेल्या पंगतीत हा प्रश्न निकालात निघतो. दिवसभर ज्याला जे करायचे ते करू दे, ठरल्या वेळी सगळे टेबलावर भेटतात. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर ठरलेली वेळच जास्त मोकळीक देते.

पथ्य असलेल्यांनाही तीच बरी. शेंगदाण्याची ॲलर्जी, ग्लूटेन न चालणे, निव्वळ शाकाहार अशा गोष्टी नेमलेल्या वेटरला एकदा सांगितल्या की तो सफरभर लक्षात ठेवतो. अनेक जहाजांवर मुख्य वेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्रीच दाखवून काय बदलायचे ते लिहून घेतो. लवचिक पद्धतीत बुकिंगमधली नोंद सोबत असते खरी, पण माणूस रोज नवा, त्यामुळे सांगणे रोज आले. इन्सुलिन घेणाऱ्यांना जेवणाची वेळ आधी माहीत असणे गरजेचे असते.

लवचिक वेळेची बाजू बंदराच्या दिवशी वरचढ ठरते. जहाज संध्याकाळी उशिरा सुटणार असेल, तर किनाऱ्यावरून दमून येऊन, आंघोळ उरकून साडेपाचला टेबल गाठणे ही धावपळच. रोज नवे बंदर असणाऱ्या सफरीत पहिली पंगत म्हणूनच गैरसोयीची वाटते. समुद्रावरचे दिवस जास्त असतील तर ती खटकत नाही. नाट्यगृहातले कार्यक्रम मात्र पंगतींना धरूनच लावलेले असतात. पहिली पंगत जेवून खेळाला जाते, दुसरी खेळ पाहून जेवायला येते. लवचिक वेळ घेणाऱ्याला हा हिशेब स्वतः करावा लागतो.

एक मधला मार्गही आहे. लवचिक पद्धत घेऊन रोज तीच वेळ राखायची आणि त्याच वेटरचे टेबल मागायचे. शक्य असेल तर भोजनकक्षात ते दिले जाते. उलट ठरलेली वेळ घेतलेल्याला रोज तिथेच गेले पाहिजे अशी सक्ती नसते. एखाद्या रात्री बुफे, खोलीत मागवलेले जेवण किंवा जादा पैसे देऊन वेगळे उपाहारगृह चालते. न येण्याचे वेटरला आधी सांगून ठेवणे एवढाच शिष्टाचार.

नात्यातली कुटुंबे वेगवेगळ्या बुकिंगवर असतील, तर सर्व बुकिंग क्रमांक एकमेकांशी जोडून घ्यायला कंपनीला किंवा एजंटला आधीच सांगावे लागते, आणि सर्वांची पंगतही एकच असावी लागते. नाहीतर टेबले वेगळी पडतात. हवी ती पंगत भरली असेल तर प्रतीक्षायादीत नाव घालता येते. तरीही जमले नाही तर जहाजावर चढल्या दिवशी दुपारीच भोजनकक्षाच्या प्रमुखाला, म्हणजे मेत्र-डीला, गाठावे. टेबलांची अदलाबदल त्या काही तासांत सर्वांत सोपी असते. पहिली रात्र उलटली की बसलेली घडी मोडायला कोणी राजी नसते.