इलॅस्टिकच्या उड्या: पाकीट उघडल्यावर आधी हे वाचा

या पाकिटात शिवून गोल केलेली चार मीटर घेराची इलॅस्टिक पट्टी आहे. खेळायला किमान तिघे हवेत. दोघे समोरासमोर खांब होऊन उभे राहतात, पट्टी दोघांच्या घोट्यांमागून घेतात आणि तिसरा मधल्या दोन पदरांवर उड्या मारतो. तिसरा भिडू नसेल तर एका खांबाच्या जागी जड खुर्चीचे पाय चालतात. हलकी खुर्ची मात्र नको, पाय अडकला की ती ओढली जाऊन अंगावर येते.

आधी ताण, मग उड्या

या खेळाची सगळी गंमत ताणावर आहे. पट्टी सैल असेल तर पदर लोंबतात आणि पायात गुंततात. फार ताणली तर पाय अडकल्यावर ती सुटत नाही, मूल तोंडावर पडू शकते. म्हणून खांबांनी पाय खांद्यांइतके फाकवावेत, एकमेकांपासून दोन-सव्वादोन मीटरवर उभे राहावे आणि मधोमध एक पदर पायाने दाबून पाहावा. तो सहज जमिनीला टेकला आणि पाय उचलताच लगेच सरळ झाला, तर ताण बरोबर आहे. टेकवायला जोर लागत असेल तर खांबांनी अर्धे पाऊल पुढे यावे. पट्टी कमरेपर्यंत चढली की ताण बदलतो, तेव्हा तो पुन्हा तपासून जागा बदलावी लागते. हे मुलांना एकदा दाखवून द्या, पुढे ती स्वतःच नेमके अंतर धरतात.

सुरुवातीचा डाव

शिकताना एवढाच क्रम पुरे: दोन्ही पाय आत, दोन्ही पाय बाहेर (पदर दोन पायांच्या मध्ये), पुन्हा आत, मग एकेक पाय एकेका पदरावर. हा क्रम न अडखळता जमला की एका बाजूची उडी जोडा, म्हणजे एक पाय आत आणि दुसरा बाहेर, मग लगेच उलट बाजूला.

मुलांना सर्वांत जास्त आवडतो तो चौकटीचा डाव. पट्टीबाहेर उभे राहून जवळचा पदर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला घ्यायचा आणि तो तसाच घेऊन पलीकडच्या पदरावरून उडी मारायची. दोन्ही पदर एकमेकांना छेदतात आणि पायांभोवती चौकटीचा आकार होतो. आता खरी कसोटी येते. सरळ वर उडी मारून पाय सोडवायचे आणि पदर जागेवर गेले की दोन्ही पाय आत टेकवायचे. घाईने पुढे झेप घेतली तर पदर पायाबरोबर येतो, म्हणून ही उडी उंच आणि जागच्या जागी हवी.

एक क्रम पूर्ण झाला की पट्टी घोट्यांवरून पोटऱ्यांवर, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर आणि शेवटी कमरेवर चढते. उंची तीच ठेवून खांबांनी पाय जुळवले तरी खेळ अवघड होतो, कारण दोन पदरांमधली जागा अरुंद होते. लहान मुलांसाठी आम्हाला ही वाढ जास्त पसंत आहे, तिच्यात अचूकपणा लागतो आणि पडण्याची भीती कमी. कमरेच्या वर पट्टी नेऊ नका. गळ्याभोवती तर कधीच नाही.

पाय अडकला, चुकीच्या पदराला लागला किंवा क्रम चुकला की खेळणारा बाद. तो खांब होतो आणि खांबातला एक जण खेळायला येतो. बाद झालेल्याने पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू करायचे की जिथे चुकला तिथून, हे डाव सुरू होण्याआधी ठरवा, बहुतेक भांडणे तिथेच होतात. धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून जरूर घ्या. पट्टी घोट्यांवर असेपर्यंत त्यालाही सगळे जमते.

हाच खेळ जगात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने खेळतात. कोरियात गाण्याच्या तालावर उड्या मारतात, फिलिपिन्समध्ये इलॅस्टिक एकेरी, सरळ धरून त्यावरून उंच उडी घेतात. आग्नेय आशियात रबर बँड एकात एक गुंफून केलेली साखळीही वापरतात. आमच्या पट्टीने पहिल्या दोन्ही रीती खेळता येतात. तीन खांब उभे करून त्रिकोणातही खेळून पाहा.

खांबांसाठी

ताणलेली पट्टी एकाने अचानक सोडली तर ती दुसऱ्याला जोरात लागते. पट्टी काढायची तर दोघांनी आधी जवळ यावे, मगच पाय बाहेर काढावेत. खेळणाऱ्याने बक्कल असलेली पादत्राणे आणि सुटी नाडी टाळावी. जमीन सपाट आणि कोरडी असावी. उतरताना चवड्यांवर उतरून गुडघे किंचित वाकवले की सांध्यांना धक्का कमी बसतो.

पट्टीविषयी

ही पट्टी विणकामाची आहे, त्यामुळे ताणल्यावर तिची रुंदी टिकते आणि ती पायाला रुतत नाही. वेणीसारखे गुंफलेले इलॅस्टिक ताणल्यावर अरुंद होते, म्हणून आम्ही ते घेतले नाही. टोके एकावर एक ठेवून नागमोडी शिलाई मारली आहे. सरळ शिलाईचा धागा ताणात तुटतो. घरी दुरुस्त करताना हे लक्षात ठेवा. गाठ मारलीत तर ती खांबाच्या पायामागे ठेवा, उड्या मारायच्या भागात नको.

आतले धागे नैसर्गिक रबराचे आहेत. रबराची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही पट्टी देऊ नका. ऊन, उष्णता आणि तेल यांनी रबर खराब होते. पट्टी साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री फिरवू नका. ठेवताना सैल गुंडाळा. आवरणातून रबराचे धागे डोकावू लागले किंवा ताण सोडल्यावर पट्टी मूळ लांबीवर येईनाशी झाली, की तिची उमेद संपली. तेव्हा ती कापून टाका, म्हणजे कोणी चुकून पुन्हा खेळायला घेणार नाही.